झुल्याखालची जाळी

"सर्कस? अजून येते?"

होसकोट्यात तंबू लागलाय, असं मी आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं, तेव्हा बहुतेकींची पहिली प्रतिक्रिया हीच होती. पाठोपाठ दुसरा प्रश्न आला, "वाघ-सिंह नाहीत, तर मुलांना दाखवायचं काय?" आणि तिसरा, जरा दबक्या आवाजातला, "अगं, तिथे लहान मुलांना राबवतात ना? आपण तिकीट काढून त्यालाच हातभार लावायचा?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. माझ्याही मनात होतेच. तरी रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही चौघं गेलो. मी, चौथीतली लेक, पाच वर्षांचा धाकटा आणि सांगलीहून महिनाभरासाठी आलेल्या माझ्या सासूबाई. चौघांची तिकिटं मिळून मॉलमधल्या एका सिनेमापेक्षा कमीच पडली. म्हणून यावेळी या सदरात सर्कशीबद्दल, आणि त्या तीन प्रश्नांबद्दलही.

बेचाळीस फुटांचं जग

तंबूत शिरल्यावर पहिली जाणवते ती त्याची उंची. मुलं आपोआप मान वर करतात. कापडी छताला टेकलेले लोखंडी खांब, त्यांना बांधलेले दोर, मधोमध लटकणारे झुले, आणि खाली गोल रिंगण. बाहेर कोलार रस्त्यावरचे ट्रक धडधडत होते, आत जनरेटरची घरघर, पॉपकॉर्नचा वास आणि जुन्या हिंदी गाण्यांचा ठेका. धाकट्याने लगेच जाहीर केलं, "हे घर आपल्या घरापेक्षा मोठंय."

रिंगण गोलच का असतं, असं लेकीने विचारलं. याचं उत्तर छान आहे, तुमच्या मुलांनाही सांगा. लंडनमध्ये 1768 मध्ये फिलिप अ‍ॅस्ली नावाच्या घोडेस्वाराने धावत्या घोड्याच्या पाठीवर उभं राहून खेळ दाखवायला सुरुवात केली. घोडा सरळ रेषेत पळाला, तर वर उभ्या माणसाला तोल सांभाळणं कठीण. तोच घोडा गोल पळाला, की स्वार आतल्या बाजूला थोडा झुकतो आणि वेगामुळे बाहेर ओढणारा जोर त्याला सावरून धरतो. त्या रिंगणाचं माप पुढे 42 फूट व्यासावर स्थिरावलं. आज रिंगणात घोडे असोत-नसोत, जगभरात ते माप अजूनही मानलं जातं. वळणावर सायकल आतल्या बाजूला का झुकते, हे लेकीला अनुभवाने माहीत होतं. त्यामुळे तिला हे चटकन पटलं.

खेळ सुरू झाला आणि एकामागून एक प्रकार येत गेले. हातातल्या रिंगा हवेत फेकणारा तरुण. एकमेकांच्या खांद्यांवर चढत जाऊन मनोरा रचणारे आफ्रिकन कसरतपटू. लोखंडी जाळीच्या गोळ्यात एकाच वेळी फिरणाऱ्या मोटरसायकली, ज्यांच्या आवाजाने सासूबाईंनी दोन्ही कानांवर पदर घेतला. मधून मधून विदूषक. ते कन्नड, हिंदी आणि तमिळ यांची अशी काही मिसळ करत होते की धाकट्याला एक शब्द न कळताही तो हसून हसून खुर्चीवरून घसरला.

एक मुलगी, असेल चोवीस-पंचवीसची, लांब लाल कापडाला धरून वर चढली. कमरेला दोरी नाही, खाली जाळी नाही. कापडाचे दोन वेढे पायाभोवती घेतले, हात सोडले आणि डोकं खाली करून सरसर उलगडत आली. जमिनीपासून हातभर अंतरावर थांबली. सगळा तंबू टाळ्या वाजवत होता. मी मात्र तिच्या पायांकडे बघत राहिले. टाचांना जाड घट्टे होते आणि मोज्याला गुडघ्याजवळ बारीक, नेटकी रफू केलेली होती. आईची नजर अशा ठिकाणी जाते खरी.

थोड्या वेळाने लेक कुजबुजली, "आई, ही ताई मगाशी सायकलवर होती. आणि त्याआधी नाचात पण होती." मग तिला नादच लागला. प्रत्येक नव्या खेळात ती जुने चेहरे शोधू लागली. कपडे बदलून, केस वेगळे बांधून तीच माणसं पुन्हा पुन्हा येत होती. जो विदूषक मघाशी बादलीत पडला, तोच दोन खेळांच्या मध्ये दोर ताणून गाठी तपासत होता. पन्नास माणसांचा वाटणारा खेळ प्रत्यक्षात त्याच्या निम्म्या माणसांचा होता. टाळ्या मिळवणारे आणि सामान उचलणारे तिथे वेगळे नव्हते. पडद्यावरच्या कुठल्याही कार्यक्रमात मुलांना ही गोष्ट अशी दिसत नाही.

"त्याला कोणी रागावलं नाही?"

शेवटचा खेळ झुल्यांचा. सर्कशीत हा बहुतेक वेळा शेवटीच असतो. झुल्यावरच्या या उड्यांची सुरुवात ज्युल लेओतार या फ्रेंच तरुणाने पॅरिसमध्ये 1859 मध्ये केली. अंगाला घट्ट बसणाऱ्या ज्या पोशाखात आजही मुली जिम्नॅस्टिक्स करतात, त्याला त्याच्याच आडनावावरून 'लिओटार्ड' म्हणतात.

आधी जाळी बांधली गेली. चार जणांनी चारी बाजूंनी ती ओढून ताणली, मग त्यातल्याच एकाने तिच्यावर उडी मारून बघितली. वर एका बाजूच्या झुल्यावर एक धिप्पाड माणूस गुडघ्यात झुला अडकवून उलटा लटकला. तो झेलणारा. समोरच्या फळीवरून उडणारे एकेक सुटू लागले. हाताला लावलेल्या पांढऱ्या पावडरीचा छोटासा ढग उडायचा आणि दुसऱ्या क्षणी दोघांची मनगटं जुळलेली असायची. नीट बघितलंत तर दिसेल, ते बोटं किंवा तळहात धरत नाहीत. मनगटाला मनगट धरतात. एकाची पकड सैल झाली, तरी दुसऱ्याची असते.

तिसरा मुलगा हवेत दोन कोलांट्या घेऊन आला आणि हात चुकला.

"अय्यो देवरे!" मागच्या रांगेतली बाई किंचाळली. लेकीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. तो जाळीत पाठीवर पडला, दोनदा उसळला, कडेला जाऊन टुणकन उतरला आणि प्रेक्षकांकडे बघून हात वर केला. मग परत शिडी. परत पावडर. परत तीच उडी, आणि या वेळी झेल बरोबर. आख्खा तंबू उभा राहिला होता. पहिला झेल मुद्दाम चुकवून उत्सुकता वाढवायची, ही खेळातली युक्तीही असू शकते. पण आमच्यापुरतं ते पडणं शंभर टक्के खरं होतं.

टाळ्यांच्या गोंगाटात लेकीने विचारलं, "तो पडला, तर त्याला कोणी रागावलं नाही?"

हा प्रश्न तिच्यासाठी किती मोठा आहे, हे मला ठाऊक आहे. वहीत एक अक्षर चुकलं, तर ती पान भोक पडेपर्यंत खोडते. शाळेच्या मैदानावर उड्यांचा तास असला, की तिच्या पोटात दुखतं. "मला येत नाही" हे तिला सगळ्यात अवघड वाक्य वाटतं. घरी अशी मुलं असणाऱ्या आई-बाबांना हे वेगळं सांगायला नको.

मी तिला म्हटलं, "रागावतील कशाला? पडायचं कसं हे त्याला आधी शिकवलंय." ही नुसती समजूत नव्हती. झुल्याच्या शिक्षणात सुरुवातीचा मोठा धडा पडण्याचाच असतो. जाळीत पाय खाली करून पडलं, तर घोटा किंवा गुडघा जाऊ शकतो, तोंडावर पडलं तर मान. म्हणून हवेतच अंग वळवून पाठीवर पडायचं, हात आवरून घ्यायचे, उसळी संपेपर्यंत घाई करायची नाही. हे अंगात मुरेपर्यंत शेकडो वेळा करून घेतात. जाळीही शहाणपणानेच बांधावी लागते. फार ताठ असली तर ती जमिनीसारखीच लागते, फार सैल असली तर माणूस जमिनीला टेकतो.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक म्हणजे झुल्यावर चढूच द्यायचं नाही. दुसरं म्हणजे जाळी न बांधता "उडी मार, घाबरतेस काय?" म्हणायचं. सर्कशीतली पद्धत या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. उंची ठेवायची, जाळीही ठेवायची, आणि पडणं हा सरावाचाच भाग मानायचा. वहीतल्या चुकीपासून सायकलपर्यंत सगळ्याला ती लागू पडते.

सर्कस आमच्या सांगलीची

मध्यंतरात सासूबाईंनी चहाचा घोट घेत सांगून टाकलं, "सर्कस आमच्या सांगलीची हो!" शेजारच्या कन्नड आजींना ते हिंदीत समजावूनही झालं. यात अतिशयोक्ती फारशी नाही.

सांगली परिसरातले विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाड संस्थानात घोड्यांना शिकवणारे उत्तम अश्वशिक्षक. 1879 मध्ये मुंबईत चिआरिनी या इटालियन माणसाची सर्कस आली होती. भारतीयांना अशी सर्कस उभी करायला अजून बराच काळ लागेल, असं चिआरिनी म्हणाला आणि छत्र्यांनी ते आव्हान घेतलं, अशी हकिकत सांगितली जाते. 20 मार्च 1880 रोजी त्यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. भारतीय सर्कशीची सुरुवात तिथून मानतात. हेच छत्रे गाण्याचेही मोठे दर्दी. ग्वाल्हेर घराण्याचे गवई रहिमत खाँ यांना त्यांनी आधार दिला आणि सर्कशीच्या दौऱ्यांबरोबर त्यांचं गाणंही गावोगावी पोचलं. पुढे देवल, कार्लेकर अशा सर्कशी याच भागातून निघाल्या.

छत्र्यांची सर्कस फिरत फिरत केरळातल्या थलासेरीला गेली. तिथे त्यांना कीलेरी कुन्हिकण्णन हे कळरी आणि व्यायामविद्येचे शिक्षक भेटले. त्या ओळखीतून कुन्हिकण्णन यांनी सर्कशीसाठी मुलं तयार करायचं मनावर घेतलं आणि 1901 मध्ये थलासेरीजवळच्या चिरक्करा इथे सर्कशीची शाळा सुरू केली. नंतरच्या कित्येक मोठ्या सर्कशी तिथल्या शिष्यपरंपरेतून उभ्या राहिल्या. 1951 मध्ये गुजरातेतल्या बिलिमोऱ्याला सुरू झालेली जेमिनी सर्कसही थलासेरीच्या एम. व्ही. शंकरन यांची. राज कपूर यांच्या 1970 च्या 'मेरा नाम जोकर'मुळे जेमिनीचा तंबू घराघरांत माहीत झाला. म्हणजे सांगलीचा माणूस, इटालियन माणसाचं आव्हान, केरळची तालीम आणि गुजरातचा मुहूर्त. भारतीय सर्कस ही अशी चार गावचं पाणी प्यायलेली आहे.

आणखी एक धागा तर इथल्या मातीतलाच आहे. मल्लखांब आपण महाराष्ट्राचा मानतो, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवा जन्म दिला म्हणून ते योग्यही आहे. पण मल्लांच्या या खांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात सापडतो. तो लिहिणारा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बसवकल्याण. 2018 मध्ये कॅनडाची जगप्रसिद्ध 'सर्क द्यू सोलेल' पहिल्यांदा भारतात आली आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात 'बझार' हा नवा खेळ घेऊन उभी राहिली, तेव्हा त्यांच्या झगमगाटात आपला मल्लखांबही होता. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2019 मध्ये, शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

प्राण्यांचं आणि मुलांचं काय?

आता मैत्रिणींच्या प्रश्नांकडे. सासूबाईंच्या लहानपणी सर्कस म्हणजे वाघ-सिंह. 1998 मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवायला आणि दाखवायला बंदी केली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढे हत्तींवरही निर्बंध आले. "काय मजा आता?" असं आधी म्हणणाऱ्या सासूबाई परतताना म्हणाल्या, "बरं झालं, त्या सिंहाचे डोळे मला रात्री आठवायचे." प्राणी गेल्यावर उरतं ते फक्त माणसाचं शरीर आणि त्यामागची मेहनत. मला तरी मुलांना दाखवायला तेवढं पुरेसं वाटलं.

मुलांचा प्रश्न जास्त गंभीर. गरीब घरातल्या मुलांना, त्यातही नेपाळमधल्या मुलींना, सर्कशीत आणून अडकवून ठेवल्याच्या घटना घडलेल्या आहेत. हा आपल्या सर्कशीचा काळा भाग. 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर 18 एप्रिल 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणण्याचे आणि अडकलेल्या मुलांना सोडवण्याचे आदेश दिले. त्यामुळे आज तंबूत गेलात, तर रिंगणात मुलं दिसता कामा नयेत. दिसली, तर 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा. आम्ही गेलो तिथे सगळे कलाकार मोठेच दिसले.

पण कायद्याच्या दुसऱ्या बाजूलाही माणसं आहेत. पूर्वी कसरत पाच-सहाव्या वर्षी शिकायला लागायचे. आता सर्कशीला कलाकार मिळणं कठीण झालं आहे. सर्कशी कमी झाल्या, मैदानं महाग झाली. टाळेबंदीत तर खेळच थांबले, आणि पुण्याच्या रॅम्बो सर्कशीसारख्यांना 2020 मध्ये ऑनलाइन खेळ करून बघावे लागले. बालपण वाचवायला हवं, आणि कलाही टिकायला हवी. दोन्ही साधायची वाट म्हणजे शाळा सांभाळून, आई-वडिलांच्या डोळ्यांसमोर, प्रशिक्षित शिक्षकांकडे व्यायाम शिकवणाऱ्या संस्था. मल्लखांबाने ते करून दाखवलंय. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात कित्येक पिढ्या खांबावर चढल्या आणि शाळेतही गेल्या.

जाणार असाल तर

एक गोष्ट बेंगळुरूत राहणाऱ्या प्रत्येक पालकाला माहीत असावी. 7 फेब्रुवारी 1981 रोजी याच शहरात व्हीनस सर्कशीच्या तंबूला आग लागली आणि 90 हून अधिक जीव गेले. त्यात बहुतेक मुलं होती. हे घाबरवायला सांगत नाही. तंबू हे कापडाचं घर आहे, हे लक्षात ठेवून वागावं, एवढंच.

शिरल्याबरोबर बाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत ते बघा आणि मुलांनाही दाखवा. आम्ही तो खेळच केला, "कोण आधी दारं मोजतं?" शक्य असेल तर वाटेजवळच्या खुर्च्या घ्या. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते बाहेरच ठरवा. लहानग्याच्या मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा. वाटा अडवून जादा खुर्च्या टाकल्या असतील, तर तिथल्या माणसांना सांगा, आणि कोणी ऐकलं नाही तर सरळ परत फिरा. झुल्याच्या आणि मोटरसायकलींच्या खेळाला फ्लॅश मारून फोटो काढू नका, समोरच्याचा जीव एका क्षणावर असतो. मोटरसायकलींचा आवाज फार मोठा असतो, अगदी लहान बाळ असेल तर त्या वेळी बाहेर चक्कर मारा.

शेवटचा खेळ संपल्यावर लगेच उठू नका. झुल्यावरचे सगळे एकेक करून मुद्दाम जाळीत पडतात, पाठीवर, ऐटीत. बहुतेक लोक तेव्हा चपला शोधत असतात. मुलांना तेवढं मात्र आवर्जून बघू द्या. आणि घरी आल्यावर खेळ कसा वाटला हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारून पाहा, "तुला काय पडत-धडपडत शिकायला आवडेल?" उत्तर काहीही येऊ दे, मल्लखांब, पोहणं, तबला, नाहीतर नुसतं झाडावर चढणं. वर चढायचं काम त्यांचं. खालची जाळी तेवढी आपण ताणून धरायची, फार ताठ नाही आणि फार सैलही नाही.